किल्ली हरवलेली अक्षरे

या लेखाला निमित्त घडले ते एका नारळाचे.

२०२३ साली आमच्या गावच्या लक्ष्मीची जत्रा बऱ्याच वर्षांनी ठरली. आमचे गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठी. आमच्या भागात देवीची मोठी जत्रा दरसाल भरत नाही. गावोगावच्या रिवाजाप्रमाणे बऱ्याच वर्षांच्या अंतराने ती येते, आणि तोवर मागची जत्रा पाहिलेली निम्मी माणसे उठून गेलेली असतात. म्हणून जत्रा ठरली की पहिला प्रश्न उभा राहतो तो मानाचा. गाड्याला पहिला हात कोणाचा, ओटी आधी कोणाची, पहिला नारळ कोणाला. आमच्याकडे या खेपेला पहिल्या नारळावर दोन घरांनी हक्क सांगितला. एक घर देवीच्या पुजाऱ्यांचे. गाव त्यांना आचार्य म्हणते. दुसरे घर महाप्रसादाची चूल पिढ्यान्‌पिढ्या पेटवीत आलेले. देवळात बैठक भरली, आवाज चढले, आणि शेवटी पंचांपैकी एकजण म्हणाले, "आण्णा मास्तरांनी मानाची यादी लिहून ठेवलेली होती की. ती बघूया."

आण्णा मास्तर म्हणजे माझे वडील. "यादी माझ्याकडं आहे," असे मी भर बैठकीत सांगून टाकले. ती खरोखरच माझ्याकडे होती. फक्त ती वाचता येत नव्हती.

वाचकहो, ही हकीकत माझ्या घरची असली तरी तशीच हकीकत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी घडलेली असणार, किंवा येत्या वर्ष-दोन वर्षांत घडणार. घरचा किंवा संस्थेचा संगणक आपण बदलतो, त्याची कार्यप्रणाली नवी करून घेतो, आणि मग जुनी मराठी फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे, डॉलरच्या खुणा, उलटेसुलटे कंस यांचा सडा दिसतो. आपण कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "व्हायरस लागला." व्हायरस बियरस काही नसतो. झालेले असते ते वेगळेच, आणि ते समजायचे तर थोडे मागे जावे लागते. संगणकाच्याही मागे.

आमच्या घरी पणजोबांपासून चालत आलेले एक कागदांचे गाठोडे होते. सगळे मोडीत. शेतांची नावे, विहिरींचे पाणी, जत्रेचे मानपान, कोणी कोणाला किती भात दिले त्याच्या याद्या. आण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. ते लहानपणी मोडी शिकलेले, कारण त्या काळी आपला मुलूख मुंबई इलाख्यात होता आणि शाळेत मोडी शिकवीत. पुढे शाळांतून मोडी गेली आणि माझ्या पिढीला बाळबोध तेवढी आली. १ नोव्हेंबर १९५६ ला खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्याबरोबर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि कचेरीतली भाषा हळूहळू कन्नड झाली. या शतकाच्या आरंभी 'भूमी' योजनेत कर्नाटकाच्या १७७ तालुक्यांतले जमिनीचे उतारे संगणकावर चढले, तेही कन्नडमध्ये. तेव्हा आमच्यासारख्या घरात एकाच शेताचे चार कागद चार तऱ्हांचे निघतात: एक मोडीत, एक बाळबोधीत, एक इंग्रजीत आणि एक कन्नडमध्ये. शेत तेच. वाचणारा मात्र दर वेळी निराळा लागतो.

मोडीचे काय झाले? मोडीवर कोणी बंदी घातली म्हणून ती गेली, असे म्हणता येणार नाही. तिच्या मुळाशी एक यंत्र होते. १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीने मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरी टंकात. मोडीचेही टंक तिथे पाडले होते, पण मोडी ही धावत्या बोरूची लिपी. तिचे अक्षर शेजारच्या अक्षराला चिकटून चालते. शिशाच्या सुट्या खिळ्यांना सुटे अक्षर हवे होते. देवनागरी त्या कामाला सोयीची पडली. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ साली टंकांचा कारखाना घातला आणि १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना काढला. त्या खिळ्यांनी मराठी डोळ्याला बाळबोध अक्षराची सवय लावली. शाळा आणि सरकार मागाहून आले. मोडीतले कागद कोणी जाळले नाहीत. ते घरोघर होतेच. ते वाचण्याची किल्ली तेवढी एका पिढीबरोबर गेली.

आण्णांना याची रुखरुख होती. मी १९९४ साली खानापुरात छोटेसे डीटीपीचे दुकान घातले. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिले, सोसायटीचे अहवाल, कोर्टाचे अर्ज अशी कामे. आमच्या सौभाग्यवती मराठी टंकलेखनाची परीक्षा पास झालेल्या. त्या टंकायला बसत. १९९८ च्या पावसाळ्यात आण्णा रोज दुपारी ते गाठोडे घेऊन दुकानात येत. खानापूरचा पाऊस आपल्याला ठाऊकच आहे. गिऱ्हाईक नसे, वीज तासातासाला जाई. वीज असेल तेवढा वेळ आण्णा मोडी वाचून सांगत आणि ही टंकत जाई. बेचाळीस पाने झाली. "आता ही पक्की झाली," आण्णा म्हणाले, "आता वाळवी नाही न् पावसाची भीती नाही." एक छापील प्रत काढली होती, ती एका गृहस्थांनी वाचायला नेली ती परत आली नाही. २००४ साली आण्णा गेले. २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभेला पूर आला त्यात आमच्या जुन्या घराची मागची भिंत बसली आणि गाठोड्याचा चिखल झाला. तेव्हाही मला फार दुःख झाले नाही, कारण बेचाळीस पाने माझ्या संगणकात होती.

आता त्या पानांत प्रत्यक्ष काय साठवले होते ते पाहू.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९९० च्या दशकातल्या विंडोज ३.१, विंडोज ९५, ९८ या प्रणालींना देवनागरी नावाची लिपी आहे हे माहीतच नव्हते. त्यांच्याकडे एका फॉन्टमध्ये २५६ घरे, आणि ती रोमन अक्षरांसाठी आखलेली. आपल्याकडच्या हुशार मंडळींनी त्यावर तोड काढली. घर रोमनचे ठेवायचे आणि आत चित्र मराठीचे बसवायचे. म्हणजे संगणक समजे की आपण इंग्रजी 'डी' साठवला. फॉन्ट त्या 'डी'ला 'क'चा पोशाख चढवी. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, अशी सॉफ्टवेअरे याच वाटेने गेली आणि मराठी छपाईची दोन दशके त्यांनी तोलून धरली. त्यांचे उपकार मोठे आहेत. जोडाक्षरांची एवढी दाटी २५६ घरांत बसवणे ही साधी गोष्ट नव्हती. पण प्रत्येकाने घरे आपापल्या सोयीने वाटली. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये 'क' ज्या घरात, तिथे दुसरीच्या फॉन्टमध्ये 'ळ' नाहीतर अर्धा 'श'. शिवाय ही सॉफ्टवेअरे डोंगलवर चालत. प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या खोबणीत ते डोंगल लावले नाही तर प्रोग्राम उघडतच नसे.

सरकारी पातळीवर दुसरी, अधिक दूरदर्शी वाट तेव्हा निघाली होती. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' नावाची कळपाटाची एकच मांडणी ठरवली. १९८८ साली 'इस्की' ही संकेतावली आली. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ती मानक केली. तिचे वैशिष्ट्य आपल्या सीमाभागात विशेष कौतुकाने सांगावे असे आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांना तिने एकच आकडे दिले. 'क' म्हणजे 'क'. तो देवनागरीत दाखवायचा की कन्नडमध्ये, हा नंतरचा प्रश्न. सी-डॅकचे जिस्ट कार्ड लावलेल्या संगणकावर मराठीत टंकलेले नाव एका आज्ञेसरशी कन्नड अक्षरात दिसे. १९९१ सालीच जगभरच्या लिप्यांसाठी 'युनिकोड' निघाला आणि त्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे. त्यामुळे आजही देवनागरीच्या ओळीत 'क' ज्या जागी बसतो, कन्नडच्या ओळीत कन्नड 'क' नेमका त्याच जागी बसतो.

पण युनिकोड समजणारी प्रणाली घराघरात यायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. कन्नडला विंडोज एक्सपीची वाट पाहावी लागली. तिच्यात कन्नडसाठी 'तुंगा' आला. एक्सपीतही गोम होती. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या खिडकीत जाऊन संयुक्त लिप्यांच्या चौकोनात खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ते केले नाही तर चौकोनच चौकोन दिसत, नाहीतर 'दिवाळी'चा इकार 'द'च्या मागे जाऊन बसे. व्हिस्टापासून ही कटकट संपली. विंडोज ८ मध्ये 'निर्मला यूआय' आला. या एकाच फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत.

म्हणजे आण्णांची बेचाळीस पाने मी १९९८ साली 'मराठीत' साठवली असे समजत होतो, ते खरे नव्हते. मी साठवला होता रोमन अक्षरांचा ढीग, आणि त्याला मराठी वाचवणारा पोशाख फॉन्टच्या फायलीत होता. पाने आणि पोशाख एकाच यंत्रात राहत असेपर्यंत काही बिघडले नाही. १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा आधार संपला, तेव्हा मीही नव्या प्रणालीचा संगणक घेतला. फायली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि जुने यंत्र मोडीत काढले. फॉन्ट उतरवून घ्यायला मी विसरलो. चूक सर्वस्वी माझी. मोडीतले कागद वाचणारा माणूस गेला होता, आता मोडीत काढलेल्या यंत्राबरोबर दुसरी किल्लीही गेली.

जत्रेच्या बैठकीनंतर मी रात्री फाइल उघडली तेव्हा हे सगळे माझ्या ध्यानात आले. सुदैवाने एक गोष्ट शाबूत होती. फॉन्ट यंत्रात नसला तरी वर्डच्या फॉन्टच्या खिडकीत त्याचे नाव दिसते, कारण नाव फायलीतच लिहिलेले असते. नावावरून घराणे कळले. त्या घराण्याची अक्षरे युनिकोडमध्ये फिरवून देणारा एक परिवर्तक मिळाला. त्यात बेचाळीस पाने घातली, आणि वाचकहो, दोन मिनिटांत आण्णा पडद्यावर बोलायला लागले! शेतांची नावे, विहिरी, भाताची देणी. मी ओळीवरून ओळीवर गेलो आणि मानाच्या यादीवर आलो. लिहिले होते: पहिला नारळ आचार्यांस.

दुसऱ्या दिवशी मी छापील पान पंचांच्या हाती दिले. पुजाऱ्यांच्या घरी आनंद झाला. चुलीच्या घरचे लोक गप्प राहिले, पण त्यांच्या घरच्या आजी, वय नव्वदीच्या आसपास, काठी टेकत माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "आण्णा मास्तर खोटं लिहिणार न्हाईत. माझ्या सासऱ्यांनी तो नारळ घेतल्याला मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. तुझ्या यंत्रानंच काय तरी केलं असणार, बघ जरा." मी त्यांना चहा दिला आणि मनात म्हटले, यंत्र कशाला खोटे बोलेल?

त्या रात्री मला झोप आली नाही. पुन्हा पाने वाचू लागलो, या वेळी सावकाश. सदतिसाव्या पानावर आण्णांनी मलप्रभेच्या उगमाविषयी लिहिले होते. नदी कणकुंबीला उगम पावते हे आपल्याकडच्या शाळकरी पोराला ठाऊक आहे. पण पडद्यावर होते: कणकुंबीकडील दर्यांत पाऊस फार.

दर्यांत? कणकुंबीला समुद्र कुठून आला?

आण्णा लिहिणार 'दऱ्यांत'. तिथे दाट रानाच्या दऱ्या आहेत. एकदम डोक्यात प्रकाश पडला. परिवर्तकाने 'ऱ्य' खाऊन त्याचा 'र्य' केला होता. मराठीत 'र' दोन तऱ्हांनी अर्धा होतो. एक डोक्यावर चढणारा रफार, 'सूर्य'मधला. दुसरा आडवा, 'सुऱ्या'मधला. हिंदीला हा आडवा 'र' सहसा लागत नाही, त्यामुळे परिवर्तक करणारे तो विसरतात. दर्या आणि दऱ्या. आणि तसेच आचार्य आणि आचाऱ्य! 'आचार्यांस' म्हणजे पुजाऱ्यांना. 'आचाऱ्यांस' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. सबंध मानाचा फरक त्या एका आडव्या रेघेत होता.

पण हा झाला माझा तर्क. दोन घरांच्या भांडणात तर्क घेऊन गेलो असतो तर कोणी ऐकले नसते, आणि ऐकूही नये. साक्षीला मूळ फाइल हवी, तीही मूळ फॉन्टच्या पोशाखात. जुन्या फॉन्टमध्ये रफार आणि आडवा 'र' यांची घरे निराळी असत. म्हणजे १९९८ साली आमच्या सौभाग्यवतींनी कोणती कळ दाबली होती हे फायलीत अजून लिहिलेले असणार. माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात फॉन्टच्या फ्लॉप्या सापडल्या, बुरशी आलेल्या. नव्या संगणकाला फ्लॉपीची खाच नाही, डोंगलची खोबणी नाही. नव्या ६४ बिटांच्या विंडोजवर जुने १६ बिटांचे प्रोग्राम चालतही नाहीत.

तेव्हा आठवण झाली ती आमच्या आळीतल्या निवृत्त कन्नड मास्तरांची. त्यांच्याकडे विंडोज ९८ चा पांढऱ्याचा पिवळा पडलेला संगणक अजून चालू होता. तो का ठेवला असे मी पूर्वी हसण्यावारी विचारत असे. आता कारण कळले. कन्नडचेही आपल्यासारखेच झाले होते. त्यांच्याकडे कन्नड गणक परिषदेचे 'नुडी' आहे, शेषाद्रिवासूंनी १९९८ साली काढलेले 'बरह' आहे. पण जुन्या फॉन्टमधले लिखाण नव्या यंत्रावर तसेच विस्कटते. मास्तरांनी शाळेच्या शताब्दीसाठी जमवलेल्या कन्नड आठवणी त्या जुन्या यंत्रात होत्या, म्हणून त्यांनी ते मोडीत काढले नव्हते.

मी 'ऱ्य'ची भानगड सांगितली तेव्हा ते हसले. "आमच्यात पण आहे की ओ हे! अर्कावत्तु म्हणतात. 'रँक' लिवायला गेलं की आमचा र उडून मागं जाऊन बसतोय. मधी एक न दिसणारं चिन्ह घालावं लागतंय." मराठीचा रफार आणि कन्नडचा अर्कावत्तु ही सख्खी भावंडे, दोघांचे दुखणे एकच, आणि औषधही एकाच जातीचे. आपल्या गावात एवढ्या वर्षांत दोन भाषांच्या माणसांनी पुष्कळ गोष्टींवर वाद घातले असतील, पण या विषयावर आम्ही दोघे रात्री अकरापर्यंत एकमताने बोलत होतो.

चार फ्लॉप्यांपैकी तीन वाचल्या. आम्हांला हवा तो फॉन्ट तिसऱ्या फ्लॉपीवर निघाला. आण्णांची फाइल एका कोऱ्या फ्लॉपीवर घालून त्या पिवळ्या यंत्रात उघडली. सदतिसाव्या पानावर दऱ्या होत्या. मानाच्या यादीत, स्वच्छ आडव्या रेघेसह, आचारी होते.

मी दोन्ही पाने शेजारी शेजारी लावून पंचांना दाखवली आणि सगळ्यांच्या देखत सांगितले की चूक माझ्या घाईची. पुजाऱ्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी चष्मा लावून ती रेघ पाहिली. म्हणाले, "मास्तरांनी लिहिलंय, मग झालं." जत्रेत पहिला नारळ चुलीच्या घरी गेला. तो पुजाऱ्यांनीच आजींच्या ओटीत घातला.

आता या अनुभवातून निघालेल्या चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही आधार संपला आणि घरोघर, शाळांत, सोसायट्यांत, वाचनालयांत पुन्हा यंत्रे बदलण्याचा हंगाम आला. तेव्हा त्या उपयोगी पडाव्यात.

जुनी मराठी फाइल नव्या यंत्रावर विस्कटलेली दिसली तर आधी ती तशीच बंद करावी. बदल करून साठवू नये. तिची एक नक्कल काढून नकलेवरच प्रयोग करावेत. फॉन्टचे नाव पाहून कागदावर टिपावे. जुने यंत्र हाताशी असेल तर त्यातला फॉन्ट नव्यात घालावा. बहुतेक वेळा एवढ्यानेच अक्षरे जागेवर येतात. जुने यंत्र विकण्यापूर्वी त्याचे सगळे फॉन्ट उतरवून घ्यावेत. पीडीएफवर फार विसंबू नये. तिच्यात जुना फॉन्ट बांधलेला असतो म्हणून ती दिसते छान, पण तिच्यातली ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की पुन्हा तोच सडा पडतो.

लिखाण युनिकोडमध्ये असूनही कधी कधी रूप बदलते. विंडोज १० पासून 'मंगल' आणि 'तुंगा' हे फॉन्ट मुळात बसवलेले नसतात. सेटिंग्जमध्ये ऐच्छिक सुविधांत जाऊन देवनागरीचे आणि कन्नडचे पूरक फॉन्ट उतरवून घ्यावे लागतात. ते नसले तर ओळी लांबतात, पाने सरकतात, पण मजकूर शाबूत असतो, घाबरू नये. मराठी कळपाटही भाषांच्या यादीतून जोडून घ्यावा लागतो. एखाद्या अक्षराच्या जागी चौकोन दिसला तर फॉन्ट जुना आहे असे समजावे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि रुपयाची खूण २०१० साली; त्यापूर्वीच्या फॉन्टांना ही दोन्ही ठाऊक नाहीत.

परिवर्तक वापरला तर माणसाने वाचल्याशिवाय ते पान खरे मानू नये. ऱ्हस्व इकार, रफार आणि आडवा 'र' ही तीन ठिकाणे बोट ठेवून तपासावीत, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. आडवा 'र' युनिकोडमध्येही दोन तऱ्हांनी लिहिला जातो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेतला तर एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. म्हणून शब्द सापडला नाही तर तो लिहिलेलाच नाही असा निष्कर्ष काढू नये.

आणि परिवर्तन झाले म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये. आमच्या सौभाग्यवतींनी १९९८ साली बरोबर कळ दाबली होती, त्या पुराव्यावर आजींचा मान राहिला. टंकलेखन यंत्राच्या कळांची सवय झालेली त्यांची बोटे आता इनस्क्रिप्टवर बसली आहेत. एक भाषा बसली की दुसरी फुकट मिळते हे त्यांच्या ध्यानात आले, कारण इनस्क्रिप्टमध्ये मराठी 'क' आणि कन्नड 'क' एकाच कळीवर आहेत. मराठी शाळेत शिकलेले कन्नड अक्षर कामाला आले. शेजारणींचे कन्नड अर्ज त्या आता स्वतःच टंकून देतात.

आण्णांची बेचाळीस पाने युनिकोडमध्ये तपासून झाली आहेत. कागदावर चार प्रती काढल्या: एक देवळात, एक चुलीच्या घरी, एक पुजाऱ्यांकडे आणि एक कन्नड मास्तरांच्या कपाटात. गाठोड्याचा चिखल झाला असे वर म्हटले, ते सगळेच खरे नाही. उन्हात वाळवल्यावर तीन पाने वाचली. ती वाचली आहेत, पण मला वाचता येत नाहीत. २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडी लिपीलाही तिची स्वतःची घरे मिळाली; म्हणजे यंत्राने एकदा बाहेर काढलेली लिपी यंत्रातच परत आली. आता उरलो मी. या पावसाळ्यापासून रोज दुपारी पाटी घेऊन मोडी गिरवायला बसतो. आण्णा असते तर या वयातल्या विद्यार्थ्याचे अक्षर पाहून त्यांनी छडी मात्र नक्की उचलली असती.